शालीवरून छाती ऐकणारे डॉक्टर

“साहेब आजकाल लय वेळ आयकून राहिले गा,” बाकावरचा म्हातारा शेजारच्या माणसाच्या कानाशी लागून म्हणाला. “पह्यले असे लावत अन् असे सोडत.”

“वय झालं का मानूस बारकाईनं पाहाते,” शेजारचा तितक्याच हळू म्हणाला.

ते कुजबुजत होते, कारण आत बाबांनी स्टेथोस्कोप कानाला लावला होता. आमच्या दवाखान्यात ही रीतच पडून गेली आहे. बाबा नळ्या कानात घालून डोळे मिटतात तेव्हा बाहेरच्या बाकांवरचं बोलणं थांबतं. भिंतीवर तशी पाटी नाही, कोणी सांगतही नाही. रडणाऱ्या पोराला आई पदराखाली घेते, तंबाखू मळणारा अंगठा थांबतो, फोन वाजला तर ज्याचा असेल तो रस्त्यावर पळतो. नवीन पेशंट बोलत राहिला तर जुने पेशंट त्याला नुसत्या डोळ्यांनी गप्प करतात.

मी त्याच बाकाच्या टोकाला मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. त्या दोघांचं बोलणं कौतुकाचं होतं, पण ते ऐकून माझी बोटं लॅपटॉपवर थांबली. बाबांना जास्त वेळ का लागतो, हे मला कळलं होतं. त्यांना ऐकू येत नव्हतं.

मी डॉक्टर नाही. काटोलमध्ये भेटणारा प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो, म्हणून सांगून टाकते. मी शाळेच्या इंग्रजी पुस्तकांची प्रूफं तपासते. ते काम कुठेही बसून होतं, आणि त्या हिवाळ्यात ते बाबांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून होत होतं. आम्ही नागपूरला राहतो. माझी शाळा सुरू होताना आई मला घेऊन नागपूरला आली, इंग्रजी शाळा हवी म्हणून. बाबांनी मात्र दवाखाना काटोलमधून हलवला नाही. ते रोज गाडीने जाऊन येऊन करत राहिले.

दिवाळीच्या आधी कळमेश्वरच्या पुढे मागून येणारी एक स्कुटी हॉर्न देत होती. बाबांनी गाडी थेट तिच्या बाजूला घेतली. स्कुटीवरची मुलगी रस्त्याच्या कडेच्या मुरमात उतरली म्हणून वाचली. बाबा म्हणाले, हिचा हॉर्न बिघडलेला दिसतो. मी शेजारी बसले होते आणि हॉर्न मी चांगला ऐकला होता. घरी आल्यावर मी आईला सांगितलं. आईने बाबांच्या गुडघ्याचं निमित्त काढलं, क्लचवर पाय दुखतो ना, मग काही दिवस हिला चालवू द्या. बाबा लगेच कबूल झाले. इतके लगेच, की त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे बघायला लागले.

त्यांच्या डॉक्टरकीबद्दल मला तोपर्यंत जे माहीत होतं ते ऐकीव होतं. तरुणपणी ते मोटरसायकलवरून खेड्यांत जायचे. पावसाळ्यात नाल्याला पाणी असलं की मोटरसायकल अलीकडे लावायची आणि पलीकडून आलेल्या बैलगाडीत बसायचं. संत्र्याच्या बागेत विंचू चावलेले, फांदी मोडून पडलेले, फवारणी करताना चक्कर येऊन कोसळलेले, सगळे त्यांच्याकडे यायचे. बाळंतपणं त्यांनी कंदिलाच्या उजेडात केली. आज त्यांच्या समोर पोराचा हात धरून बसणारी बाई कधीकधी स्वतःच त्यांच्या हातावर जन्मलेली असते, आणि ती तसं मुद्दाम सांगते. बहाराच्या दिवसांत आमच्या गाडीच्या डिकीत कोणी ना कोणी संत्र्यांची पिशवी ठेवून जातं. कोणी ठेवली ते कळतही नाही.

पण त्यांचं नाव झालं ते वेगळ्या कारणाने. बाबा शालीवरून छाती ऐकतात.

कॉलेजात त्यांना शिकवलं होतं की छाती उघड्या अंगावरच ऐकायची, कपड्यावरून ऐकलेलं खरं नसतं. ते शिकून ते काटोलला आले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्या लक्षात आलं, की शाल काढा म्हटलं की खेड्यातली बाई उठून घरी जाते. मग ती येते तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्यांनी शाल काढायला सांगणं बंद केलं. लुगड्यावरून, स्वेटरवरून, शालीवरून ऐकायची सवय कानाला लावली. नवीन लग्न झालेलं असताना ते संध्याकाळी आईच्या पाठीवर एकावर एक शाली घालून ऐकत बसायचे, हे आई अजून हसून सांगते. कापडाची सळसळ कोणती आणि आतला आवाज कोणता, हे त्यांना वेगळं काढता यायला लागलं. बाई आत असली की दवाखान्याचं दार उघडं ठेवायचं, हाही त्यांचाच नियम. त्या दोन गोष्टींमुळे लांबलांबच्या खेड्यांतल्या बायका दुसरे डॉक्टर सोडून त्यांच्याकडे येत राहिल्या. आणि बाहेर शांतता ठेवायची रीत पडली तीही त्यामुळेच.

मला पहिल्यांदा खात्री पटली ती थर्मामीटरमुळे. बाबा पेशंटच्या काखेत थर्मामीटर ठेवून नाडी बघत होते. थर्मामीटर वाजला. बारीक, उंच आवाज, सगळ्या खोलीत ऐकू येईल असा. बाबा वाट बघत राहिले. तो वाजून थांबला तरी ते वाटच बघत होते. तेवढ्यात कंपाउंडरकाका औषधाच्या खोलीतून आले, झालं साहेब, म्हणाले आणि थर्मामीटर काढून बाबांच्या हातात दिला. त्यांच्या हालचालीत जराही घाई नव्हती. हे ते रोज करत असणार.

मी मग वाचून काढलं. म्हातारपणी बारीक, उंच आवाज आधी जातात, जाड आवाज राहतात. हृदयाचे ठोके जाड असतात. फुप्फुसात पाणी झालं की माणसाला आडवं होता येत नाही, पाय सुजतात, आणि छातीतून जो आवाज येतो तो बारीक असतो. म्हणजे बाबांना ठोके ऐकू येत होते. ठोके ऐकू येतात म्हणून त्यांना वाटत होतं की सगळंच ऐकू येतं. वरून शाल होतीच.

कंपाउंडरकाका माझ्या जन्माच्या आधीपासून बाबांकडे आहेत. मला ते ताई म्हणतात आणि माझ्या मराठीला हसतात. माझं बोलणं फळ्यावर लिहिल्यासारखं आहे, असं ते पेशंटांना माझ्यासमोर सांगतात. एका दुपारी दवाखाना रिकामा होता आणि बाबा आतल्या खाटेवर पडले होते. काका थर्मामीटर कापसाने पुसत होते. मी त्यांना विचारलं, बाबांना याचा आवाज येत नाही ना?

त्यांनी पुसणं थांबवलं नाही. “ताई, तुमी गाडी चालवा,” ते म्हणाले. “दवाखाना आमी चालवतो.”

मग चहा मागवून त्यांनी मला सगळं समजावलं. ते चिडले नव्हते. दारातच ते पेशंटला काय होतंय ते विचारून घेतात आणि आत गेल्यावर मोठ्याने साहेबांना सांगतात. साहेबांचे डोळे शाबूत आहेत, हात शाबूत आहे, चेहरा बघून त्यांना निम्मं कळतं. ज्याची छाती जास्त बिघडलेली वाटते त्याला काका स्वतःच एक्सरे काढून आणायला पाठवतात, साहेबांनी सांगितलं म्हणून. हे वर्षभर चाललं आहे आणि कोणाचं वाईट झालेलं नाही. मी विचारलं, आणि तुम्ही दारात नसाल तेव्हा? ते म्हणाले, मी कुठं जातो.

चहाचा कप खाली ठेवून त्यांनी एवढंच वर जोडलं, “साहेब घरी बसले त संपतीन, ताई. तुमाले थे पाह्यजे का?”

मला ते नको होतं. आणि कोणाची छाती चुकायलाही नको होती. या दोन्हींच्या मध्ये मी रोज त्या बाकावर बसत होते. आत बाबांचे डोळे मिटले की मी पेशंटकडे बघायचे. खोकला कोरडा आहे की ओला, बोलताना दम लागतोय का, ओठांचा रंग कसा आहे. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण मी बघत होते. प्रूफांमध्ये चुका सुटायला लागल्या. ऑफिसातून तशी मेल आली.

आईला मी बाबांच्या कानाचं सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. तिला आश्चर्य वाटलं नाही. घरात टीव्हीचा आवाज किती वाढलाय ते तिला दिसत होतं. तपासून घ्या, असं तिने दोनदा सुचवलं होतं आणि बाबांनी दोन्ही वेळा विषय बदलला होता. तू सांग, ती म्हणाली, तुझं मनावर घेतील. मग मेथीची जुडी बाजूला ठेवून म्हणाली, चारचौघांत मात्र नाही. ते माझं ऐकून घेतील, तुझं ऐकून घेतील, पण पेशंटसमोर त्यांना आजवर कोणी थांबवलेलं नाही.

मला कठीण वाक्यं आधी इंग्रजीत सुचतात. शाळेची सवय आहे. गाडीत बाबा शेजारी बसलेले असताना मी मनात वाक्य तयार करायचे, सभ्य आणि नेमकं, त्यात प्लीज असायचं आणि हियरिंग टेस्ट असायचं. ते मराठीत आणलं की त्याचं भलतंच काहीतरी व्हायचं. तुम्हाला ऐकू येत नाही, असं मराठीत बापाला म्हणणं म्हणजे तोंडावर मारल्यासारखं. मी शब्द बदलत राहायचे आणि तोवर काटोलचा नाका यायचा. एकदा मी सुरुवात केलीच. बाबा, कान, एवढं म्हणाले. ते खिडकीतून बाहेर बघत होते. यंदा संत्र्याचा आंबिया बहार बरा दिसतो, ते म्हणाले. त्यांनी ऐकून विषय बदलला की ऐकलंच नाही, ते मला ठरवता आलं नाही.

मग तो बाजाराचा दिवस आला. बाजाराच्या दिवशी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते, कारण लोक भाजी, बियाणं आणि डॉक्टर एकाच फेरीत उरकतात. बाक भरले होते, पायऱ्यांवर माणसं बसली होती. कंपाउंडरकाकांना सकाळपासून पुड्या बांधायला वेळ पुरत नव्हता आणि दारात विचारपूस करणं सुटत चाललं होतं. ते मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असावं, कारण मधूनच ते औषधाच्या खिडकीतून मान काढून दाराकडे बघायचे.

एक सासू आणि तिची बाळंतीण सून माझ्या शेजारी येऊन बसल्या. सुनेच्या डोक्याला स्कार्फ घट्ट बांधलेला, कानांत कापूस, अंगात स्वेटर, वरून जाड शाल, पायात लोकरीचे मोजे. थंडी लागू नये म्हणून बाळंतिणीला ठेवतात तशी. चेहऱ्याचा जेमतेम मधला भाग दिसत होता. तान्हं बाळ सासूच्या मांडीवर झोपलेलं होतं. सून माझ्याएवढीच असेल.

सासूने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “डॉक्टरची पोरगी का वं तू?”

मी मान हलवली.

“मंग डॉक्टर काहून नाही झाली?” ती म्हणाली. “घरचा दवाखाना, अन् तू इथं बाकावर.”

समोरचे दोघं हसले. मी लॅपटॉपमध्ये बघितलं. सासूला उत्तर नकोच होतं. ती सुनेबद्दल बोलायला लागली. हिला झोपच नाही. आडवी झाली की उठून बसते, भिंतीला टेकून तशीच बसून राहते. बाळाच्या काळजीने करते, पहिलंच आहे ना. खोकलाही आहे थोडा. चांगलं कडक औषध लिहून घ्यायचं आणि जायचं, बाहेर शेजाऱ्याचा ऑटो उभा आहे, तो बाजार आटोपला की थांबणार नाही.

सुनेने वाकून मोज्याची पट्टी खाली सरकवली, बोचत असावी. मोजा सरकला तिथे पायावर खोल वळ उमटला होता, मऊ मातीत दोरी रुतावी तसा. तिने बोटाने तो चोळला. बोट काढलं तरी त्या जागचा खड्डा भरून आला नाही. तिने मोजा पुन्हा वर ओढला. एवढं वाकल्यानेच ती तोंड उघडून श्वास घेत होती.

तेवढ्यात आत बाबांनी एका म्हाताऱ्याच्या पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि बाहेर सगळं शांत झालं.

त्या शांततेत मला ते ऐकू आलं. माझ्या उजव्या बाजूने, शालीच्या आतून. प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीक चरचर, ग्लासातल्या सोड्याचा फेस विरताना येते तशी, आणि तिच्यामागून एक शिट्टीसारखा धागा. श्वास आत जाताना कमी, बाहेर येताना जास्त. मी लॅपटॉपच्या पडद्यावर नजर ठेवून ऐकत राहिले. मला वाटलं भास असेल. मग सासूनेही सुनेकडे पाहिलं, आणि बाळाचं दुपटं सारखं केलं.

मी उठून औषधाच्या खिडकीशी गेले. कंपाउंडरकाकांना हळू आवाजात म्हणाले, त्या बाळंतिणीला आत पाठवताना तुम्ही सोबत जा, ती आडवी होऊ शकत नाही आणि तिचे पाय सुजलेत, हे बाबांना सांगा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हो म्हटलं. खिडकीवर चार हात औषधासाठी पुढे आलेले होते.

तिचा नंबर आला तेव्हा काका खिडकीवरच होते.

दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. सासूने बाळ खांद्याला लावलं आणि सुनेच्या वतीने बोलायला सुरुवात केली, खाली मान घालून, थोरांसमोर बायका बोलतात तशी. बाबा पुढे वाकले. त्यांनी बाळंतपण कुठे झालं ते विचारलं, टाके आहेत का विचारलं. मग सुनेकडे वळून विचारलं, “धाप लागते का, बाई?”

सून काहीतरी बोलली. स्कार्फमधून, तुटक. मला बाहेरून शब्द कळले नाहीत, पण ते दोनपेक्षा जास्त होते, आणि मध्ये तिला थांबावं लागलं होतं. बाबांनी मान डोलावली. ती मान मी ओळखते. टीव्हीवर काय चाललंय ते कळलं नाही तरी आई हसली की ते तशीच मान डोलावतात.

मी खिडकीकडे पाहिलं. काका कोणाला तरी दोन वेळच्या गोळ्या समजावत होते.

बाबांनी नळ्या कानात घातल्या. बाहेर शांतता झाली. त्यांनी तिच्या पाठीवर, शालीवर, स्टेथोस्कोप ठेवला आणि डोळे मिटले. एक जागा. दुसरी जागा. तिच्या श्वासाबरोबर शाल वरखाली होत होती, फार लवकर. बाबांचा चेहरा अगदी एकाग्र होता. माझ्या लहानपणी मला ताप आला की तो चेहरा माझ्या छातीजवळ यायचा आणि मला वाटायचं, आता यांना सगळं कळणार. किती वेळ गेला कोण जाणे. समोरच्या बाकावरच्या कोणीतरी समाधानाने मान हलवली.

बाबांनी डोळे उघडले. “छाती साफ आहे,” ते सासूला म्हणाले. “ठोके जरा जलद आहेत. रक्त कमी झालंय, थकवा आहे. आराम करू द्या तिला. उश्या काढा, सपाट झोपवा.”

ते लिहायला लागले. त्यांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली होती, नाडी पाहिली होती. जे दिसलं, जे हाताला लागलं, त्यावरून ते बरोबरच सांगत होते. जे दिसलं नव्हतं ते मोज्याच्या आत होतं, आणि जे ऐकू यायला हवं होतं ते शालीच्या आत राहिलं होतं.

सासू मोकळी होऊन उठली. मी म्हनलं नव्हतं का, असं काहीसं सुनेला म्हणाली. दोघी बाहेर आल्या, खिडकीशी गेल्या. काकांनी चिठ्ठी वाचली, सुनेकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांचा हात टॉनिकच्या बाटलीवर थांबला. मी वाट बघितली की ते काही म्हणतील. त्यांच्या मागे रांग होती, समोर रांग होती, आणि आत साहेबांनी छाती साफ म्हणून सांगितलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. त्यांनी बाटली उचलून खिडकीत ठेवली. बाहेर ऑटोवाल्याने हॉर्न दिला.

आत पुढचा पेशंट बसला होता. शर्टाची बटणं सोडत होता. बाबांनी नळ्या पुन्हा कानाला लावल्या, आणि पुन्हा सगळं थांबलं. बाकं, पायऱ्या, खिडकी. सून खिडकीच्या गजाला धरून उभी होती आणि त्या शांततेत तिचा श्वास आता मला उभं राहूनही ऐकू येत होता. मी कधी उठले ते आठवत नाही. लॅपटॉप बाकावर राहिला होता.

मी दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहिले. बाबांचे डोळे मिटलेले होते. त्या दवाखान्यात त्या वेळी कोणी बोलत नाही. मीही कधी बोलले नव्हते, अगदी लहान असतानाही नाही.

“बाबा,” मी म्हणाले. “ती छाती साफ नाही.”

माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणाले. पायरीवरच्या माणसापर्यंत ते गेलं असावं, कारण तिथली मान वळली. पेशंटने माझ्याकडे पाहिलं. सासूने पाहिलं. काका खिडकीतून अर्धे बाहेर आले. बाबांनी स्टेथोस्कोप दुसऱ्या जागी सरकवला आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

आता सगळे त्यांच्याकडे बघत होते. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने शेजारच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. माझ्या डोक्यात इंग्रजी वाक्य आलं, सभ्य, प्लीज असलेलं. मी ते सोडून दिलं. मी आत गेले, बाबांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी दचकून डोळे उघडले, आणि बाहेरचे सगळे चेहरे आपल्याकडे वळलेले त्यांना दिसले. त्यांनी कानातल्या नळ्या काढल्या. मी त्यांच्याकडे तोंड करून, माझा स्वतःचाच वाटेना अशा मोठ्या आवाजात म्हणाले,

“बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही. त्या बाळंतिणीची छाती वाजते आहे, मला बाकावरून ऐकू आली. तिला आडवं होता येत नाही, पाय सुजलेत. ती अजून खिडकीशी आहे. तिला आत बोलवा, आणि या वेळी शाल काढायला सांगा.”